पहिल्या डीडीआर स्पर्धेची तयारी कशी करावी?

प्रश्न: मी मूळची नाशिकची असून शिक्षणासाठी शिकागोजवळ राहते. दीड वर्षापासून ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ (डीडीआर) हा, पडद्यावरच्या बाणांप्रमाणे पायाखालच्या पॅडवर तालात पावले टाकण्याचा यंत्रावरचा खेळ खेळते. चौदाव्या पातळीपर्यंतची बहुतेक गाणी पार होतात, पंधराव्या पातळीची थोडीफार. पाच आठवड्यांनी इथल्या एका आर्केडमध्ये स्पर्धा आहे आणि मी पहिल्यांदाच नाव दिले आहे. सध्या रोज पंधराव्या पातळीचा सराव करते, पण गुडघे दुखू लागले आहेत. माझी तयारी योग्य दिशेने चालली आहे का?

उत्तर: आधी स्पष्टच सांगतो की, रोज पंधराव्या पातळीचा सराव थांबवा. गुडघे दुखत आहेत हे त्याचे एक कारण झाले, पण ते दुखत नसते तरीही मी हेच सांगितले असते. गेली बरीच वर्षे मी अमेरिकेत या स्पर्धा खेळतो आहे आणि अलीकडे स्थानिक स्पर्धा भरवणाऱ्या मित्रांना सामन्यांची मांडणी करायला मदतही करतो. पहिल्यांदा उतरणारे खेळाडू ज्या गाण्यांवर हरतात, ती क्वचितच त्यांच्या ताकदीबाहेरची असतात. ती त्यांना ‘येतात’, अनेकदा खेळून झालेली असतात, म्हणूनच त्यांच्याकडे पुन्हा पाहायची गरज वाटलेली नसते. तुमच्या बाबतीत ही जागा अकरा ते तेरा या पातळ्यांमध्ये आहे, आणि पाच आठवड्यांतला सर्वाधिक वेळ तिथे गेला पाहिजे.

याचे कारण गुणांच्या हिशोबात आहे, म्हणून तो हिशोब एकदा नीट मांडतो. गाण्यासाठी रचलेल्या बाणांच्या क्रमाला आपण चार्ट म्हणतो. त्याचे एकूण गुण १०,००,००० असतात आणि ते सर्व पावलांमध्ये सारखे वाटले जातात. चार्टमध्ये ४०० पावले असतील, तर प्रत्येक पाऊल २,५०० गुणांचे. पाऊल ठोक्याच्या किती जवळ पडले यावरून यंत्र त्याला शेरा देते: ‘मार्व्हलस’ला ते सगळे मिळतात, ‘परफेक्ट’ला फक्त १० कमी. ‘ग्रेट’ला मात्र ६० टक्के आणि त्यातूनही १० वजा, म्हणजे १,४९० गुण. एका ‘ग्रेट’मागे १,०१० गुण जातात आणि एका ‘मिस’मागे २,५००. ज्याला ‘ग्रेट’ म्हणतात ते पाऊल खरे तर बरेच महाग असते, हे नव्या खेळाडूच्या लक्षात येत नाही, कारण कॉम्बो, म्हणजे न चुकलेल्या पावलांची साखळी, तुटत नाही, पडद्यावर लाल काही दिसत नाही आणि गाणे सुखाने पार होते. चौदाव्या पातळीच्या गाण्यात साठ ‘ग्रेट’ आणि दहा ‘मिस’ झाले, तर साधारण ८५,००० गुण गेले. तेच गाणे समोरचा खेळाडू वीस ‘ग्रेट’मध्ये खेळला, तर तुम्ही दोघांनीही ते ‘पार’ केलेले असले तरी त्या सामन्यात चुरस उरलेलीच नसते. पार होण्याला स्पर्धेत गुण नाहीत.

त्यातही स्पर्धेत कोणते गुण धरणार, हे आधी विचारून घ्या. अनेक ठिकाणी वर सांगितलेला नेहमीचा आकडा धरतात, तर काही ठिकाणी ‘ईएक्स स्कोअर’ धरतात. त्यात ‘मार्व्हलस’ला ३, ‘परफेक्ट’ला २ आणि ‘ग्रेट’ला १ गुण मिळतो. दोन्ही पद्धतींत निकाल उलटा लागू शकतो, हे एका उदाहरणावरून दिसेल. त्याच ४०० पावलांच्या गाण्यात एकीला ३५० ‘मार्व्हलस’ आणि ५० ‘परफेक्ट’ मिळाले आणि दुसरीला ३९५ ‘मार्व्हलस’ आणि ५ ‘ग्रेट’. नेहमीच्या पद्धतीने पहिलीचे ९,९९,५०० आणि दुसरीचे ९,९४,९५० होतात, म्हणजे पहिली जिंकली. ईएक्स पद्धतीने पहिलीचे १,१५० आणि दुसरीचे १,१९० होतात, म्हणजे दुसरी जिंकली. पहिल्या पद्धतीत मोठी चूक टाळणारा खेळाडू वर येतो आणि दुसरीत ठोक्याच्या अगदी मध्यावर पाय टाकणारा. ‘मार्व्हलस’ची खिडकी ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे सुमारे १७ मिलिसेकंद आणि ‘परफेक्ट’ची सुमारे ३३ मिलिसेकंद इतकी असते, तेव्हा हा फरक कानाने आणि सवयीनेच साधतो, जोर लावून साधत नाही. तुमच्या स्पर्धेत नेहमीचे गुण धरणार असतील, तर ‘ग्रेट’ कमी करणे एवढे एकच काम डोळ्यांपुढे ठेवा.

संयोजकांना विचारायच्या आणखी काही गोष्टी आहेत आणि त्या विचारताना संकोच करू नका, कारण उत्तरे तयार नसतील तर ती तयार करण्याची आठवण त्यांनाही होते. नवोदितांचा वेगळा गट आहे का, त्यात कोणत्या पातळ्यांची गाणी येतील, पॅडमागचा आधाराचा बार धरून खेळलेले चालते का, आणि गाणी कशी निवडली जातील? सध्या बहुतेक ठिकाणी पत्ते काढल्याप्रमाणे संगणकावर ठरलेल्या पातळ्यांमधून पाच किंवा सात चार्ट काढतात, दोन्ही खेळाडू त्यातला एकेक नको म्हणून बाद करतात आणि उरलेल्यांवर सामना होतो. याचा परिणाम असा की, तुमचे आवडते गाणे येईलच असे नाही. आले तरी समोरचा ते बाद करू शकतो, विशेषतः तुम्ही आठवडाभर तेच खेळताना त्याने पाहिले असेल तर. त्यामुळे एखाद-दोन गाणी घोटून पाठ करण्याचा उपयोग थोडा आणि अनोळखी गाण्यावर सावरून खेळता येण्याचा उपयोग मोठा.

सामन्यांची मांडणी बहुधा दुहेरी बाद पद्धतीची असते. एकदा हरलेला खेळाडू बाहेर जात नाही, खालच्या बाजूला जातो आणि दुसऱ्यांदा हरल्यावर त्याची स्पर्धा संपते. सोळा खेळाडूंच्या स्पर्धेत पहिलाच सामना हरलेल्याला अंतिम फेरी गाठायची तर सलग सहा सामने जिंकावे लागतात, आणि सामना तीनपैकी दोन गाण्यांचा असेल तर ती बारा ते अठरा गाणी झाली, तीही मध्ये अर्धा-पाऊण तास थांबून थांबून. शरीराची तयारी करताना हे गणित लक्षात घ्यायचे असते. सलग चार गाणी जोरात खेळण्याचा दम तुम्हाला आजही आहे. थंड पडलेल्या पायांनी पुन्हा पुन्हा उभे राहून पहिल्या ठोक्यापासून अचूक खेळणे ही गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिचा सराव वेगळा करावा लागतो.

आता प्रत्यक्ष सराव. यंत्रावर हजाराहून अधिक गाणी आहेत, पण ती पातळीनुसार लावता येतात. तुमच्या गटात येणाऱ्या पातळ्यांपैकी सगळ्यात खालच्या पातळीपासून सुरुवात करून, जी गाणी तुम्ही कधीच खेळली नाहीत किंवा एकदाच खेळली आहेत, ती ओळीने खेळत जा. आवडीनिवडीला इथे जागा नाही. प्रत्येक गाण्यानंतर वहीत फक्त तीन गोष्टी लिहा: गाण्याचे नाव, ‘ग्रेट’ आणि त्याखालच्या पावलांची संख्या, आणि ती कुठे झाली ते. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची आहे. “मधल्या संथ भागानंतर लय परत धरताना”, “शेवटच्या उड्यांत”, “डावीकडून उजवीकडे पाय ओलांडताना”, अशा चार शब्दांच्या नोंदी पंधरा-वीस गाण्यांच्या झाल्या की एक-दोन दोष वारंवार दिसू लागतात आणि ते गाण्यांचे नसून आपले असल्याचे कळते. दुसऱ्या आठवड्यापासून त्या दोषांवर काम सुरू करा. ९,९०,००० गुणांना ‘ट्रिपल ए’ ही श्रेणी मिळते. बाराव्या पातळीच्या अनोळखी गाण्यावर दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात ती मिळू लागली, तर पहिल्या स्पर्धेसाठी तयारी उत्तम आहे असे मी समजेन. पंधरावी पातळी आठवड्यातून एकदा, दोनच गाणी खेळा. तीही शेवटी नको, सरावाच्या मध्यावर खेळा, म्हणजे दमल्या पायांनी वाईट सवय घेऊन घरी जावे लागणार नाही.

चौदाव्या पातळीपर्यंत आलेल्या खेळाडूंच्या पावलांत मला हमखास दिसणारा दोष म्हणजे एकाच पायाने लागोपाठ दोन वेगळे बाण घेणे. डावा, खाली, उजवा, खाली, डावा असा क्रम समजा. पायांची आळीपाळी पाळायची तर डावा बाण डाव्या पायाने, खालचा उजव्या पायाने आणि उजवा बाण पुन्हा डाव्या पायाने घ्यावा लागतो, म्हणजेच डावा पाय उजव्या पायाच्या पुढून ओलांडून जातो. कंबर वेळेवर उजवीकडे वळली तर हे सहज होते. शरीर पडद्याकडे सरळ ठेवण्याचा हट्ट धरला तर पाय पोहोचत नाही, आणि मग खालच्या बाणावरचा उजवा पायच उचलून उजव्या बाणावर टाकला जातो. संथ गाण्यात हे खपून जाते. द्रुत गाण्यात तेच पाऊल उशिरा पडते, त्याच्यामागचे दोन-तीन घाईत पडतात आणि एका ओलांडणीमागे तीन ‘ग्रेट’ जमा होतात. यासाठी आठव्या-नवव्या पातळीवरची, भरपूर ओलांडण्या असलेली संथ गाणी निवडा आणि गुणांकडे न पाहता पाय बरोबर टाका. मित्राला मागून मोबाइलवर फक्त पायांचे चित्रण करायला सांगा. स्वतःचे पाय पाहिल्यावर जे कळते ते सांगून कळत नाही.

पाय किती उचलता, तेही त्या चित्रणात दिसेल. शाळेत लेझीम खेळलेल्यांना पाऊल आपटून ताल धरण्याची सवय असते, मलाही होती, आणि ताल पक्का होण्यासाठी ती चांगलीच असते. इथे मात्र पाऊल जितके वरून येईल तितका वेळ त्याला खाली यायला लागतो आणि तितका भार गुडघ्यावर येतो. टाच पॅनेलच्या, म्हणजे पॅडवरच्या बाणाच्या चौकोनाच्या, बाहेर ठेवून पंजाच्या पुढच्या भागाने, मधल्या पोलादी चौकोनाला लागून असलेल्या कडेवर पाय टाका. प्रत्येक पावलानंतर मध्यावर परत येऊ नका. मागचे पाऊल जिथे पडले तिथूनच पुढे निघा. एवढ्या बदलाने तुमचे गुडघ्यांचे दुखणे कमी होण्याची बरीच शक्यता आहे. तीन-चार दिवस पूर्ण विश्रांती घेऊनही दुखत राहिले, किंवा जिना उतरताना दुखले, तर स्पर्धेची तारीख न पाहता डॉक्टरांना दाखवा.

एका विषयावर थोडे जास्त लिहितो, कारण माझी पहिली स्पर्धा त्यामुळे हातची गेली. बाण पडद्यावर किती वेगाने वर सरकतील ते गाण्याची गती गुणिले आपण निवडलेली पट यावर ठरते. मला ५५० च्या आसपासचा वेग वाचायला सोयीचा वाटतो. मिनिटाला १८० ठोक्यांच्या गाण्याला मी तिप्पट ठेवतो, म्हणजे ५४०. १३८ ठोक्यांच्या गाण्याला चौपट, म्हणजे ५५२. ९० च्या गाण्याला सहापट. त्या पहिल्या स्पर्धेत माझे पहिले गाणे १८० चे होते आणि ते मी जिंकलो. दुसरे निघाले ९० चे. जिंकल्याच्या आनंदात मी पट बदलायला विसरलो. तिप्पटीवर वेग झाला २७०. बाण एकमेकांना चिकटून, हळूहळू, एकाखाली एक रांग लावून वर येऊ लागले आणि लाल कोणता, निळा कोणता, पिवळा कोणता हे डोळ्यांना वेगळे करता येईना. गाणे दहाव्या पातळीचे होते, मी ते घरी डोळे मिटून खेळलो असतो, पण त्या दिवशी पहिल्या तीस पावलांत अकरा चुका झाल्या आणि पुढे कितीही सावरले तरी ते गुण परत मिळाले नाहीत. तिसरे गाणे खेळताना माझे लक्ष दुसऱ्यातच अडकले होते.

म्हणून तुम्ही स्वतःचा वाचनाचा वेग आजच ठरवा आणि त्याचे कोष्टक तयार करा: ८० ते ३०० ठोक्यांपर्यंत दर दहा ठोक्यांना कोणती पट लागेल ते एका छोट्या कागदावर लिहून मोबाइलच्या मागे चिकटवा. काही गाण्यांची गती मध्येच बदलते आणि निवडीच्या पडद्यावर दोन आकडे दिसतात. अशा वेळी मोठ्या आकड्यावर हिशोब करावा असे नेहमीच नसते. गाण्याचा बहुतांश भाग कोणत्या गतीचा आहे हे पाहावे लागते आणि ते त्या पातळ्या ओळीने खेळतानाच कळते. तसेच मोठ्या आकड्याने घाबरून जाऊ नका. २००१ साली आलेल्या ‘मॅक्स ३००’ या गाण्याची गती मिनिटाला ३०० ठोके आहे, पण त्यातल्या अर्ध्या मात्रांची पावले ही १५० च्या गाण्यातल्या पाव मात्रांच्या पावलांइतकीच जलद असतात, म्हणजे सेकंदाला दहा. फरक वाचण्याचा आहे, आणि तो पट निवडून मिटतो. बाणांचे रंग ‘नोट’ या पर्यायावर ठेवले असतील तर पूर्ण मात्रा लाल, अर्धी निळी, पाव मात्रा पिवळी दिसते, आणि हिरवा दिसला की मात्रेचे तीन भाग केल्यासारखे काही वेगळे विभाजन आहे हे आधी कळते. अनोळखी गाण्यात हे फार उपयोगी पडते.

यानंतर यंत्र. तुमची स्पर्धा ‘राउंड वन’सारख्या जपानी साखळीच्या दालनात असो किंवा एखाद्या छोट्या खासगी आर्केडमध्ये, ती ज्या यंत्रावर होणार आहे त्यावर किमान दोनदा जाऊन खेळून या. गाडीने तासभर जावे लागले तरी जा. जुन्या यंत्रांत प्रत्येक पॅनेलच्या चारही कडांखाली पट्टीसारखे संवेदक असतात आणि ते सारखे झिजत नाहीत. एका ठिकाणच्या दुसऱ्या बाजूच्या पॅडवर वरचा बाण फक्त आतल्या कडेवर नोंद होत असे आणि बाहेरच्या कडेवर पाय पडला की पाऊल वाया जाई. तिथले नेहमीचे खेळाडू न बोलता आत सरकून खेळत, नवीन आलेल्याला ते तिसऱ्या गाण्यानंतर उमगे. पारख करण्यासाठी पाचव्या-सहाव्या पातळीचे एक संथ गाणे घ्या आणि प्रत्येक पॅनेलवर मुद्दाम आतली, बाहेरची, डावी आणि उजवी कड वापरून पाहा. पॅडच्या दोन्ही बाजूंवर हे करा, कारण कोणती बाजू मिळेल ते नाणेफेकीवर किंवा मानांकनावर ठरते. नेहमी डावीकडे खेळणाऱ्या खेळाडूला उजवीकडे उभे राहिल्यावर पडद्याची जागाच परकी वाटते. म्हणून उरलेल्या पाच आठवड्यांत निम्मा सराव उजवीकडे करा. बिघाड आढळला तर तो सामन्यापूर्वी संयोजकांना सांगा. सामना हरल्यानंतर सांगितलेला बिघाड खरा असला तरी त्याचा कुणालाच उपयोग होत नाही.

यंत्रागणिक बदलणारी दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. पडदा वेगळा, ध्वनियंत्रणा वेगळी, त्यामुळे आपल्या नेहमीच्या यंत्रावर जो ठोका मध्यावर बसतो तो दुसरीकडे किंचित लवकर किंवा उशिरा पडतो. खेळात ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ दाखवण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. गाणे संपल्यावर निकालाच्या पडद्यावर चाळीस ‘फास्ट’ आणि पाच ‘स्लो’ दिसले, तर हात-पाय शिथिल करून मनातला ठोका कणभर मागे घ्या आणि दुसऱ्या गाण्यात आकडे जवळ आले का ते पाहा. इथे एक गुंता आहे. स्पर्धेच्या ताणाखाली जवळजवळ प्रत्येक जण लवकर पाय टाकतो. छातीत धडधड वाढली की आपली लय पुढे धावते. त्यामुळे सामन्यातल्या पहिल्या गाण्यात ‘फास्ट’ वाढले, तर दोष यंत्राला न देता आधी श्वास सावकाश करा. याचा सरावही करता येतो. आर्केडमध्ये गर्दीच्या वेळी, मागे लोक उभे असताना, अनोळखी खेळाडूला शेजारी बोलावून एक गाणे लावा आणि तेवढ्याच गाण्याचे गुण मोजा. आठवड्यातून तीन-चार वेळा असे झाले की शेजारच्या पावलांच्या आवाजाने आपला ठेका ढळत नाही. आजूबाजूच्या दहा यंत्रांचा गोंगाट असतोच, कधी आपले गाणेही नीट ऐकू येत नाही. अशा वेळी बाण बघूनच समेवर यावे लागते, आणि ते गोंगाटातच शिकता येते.

पाच आठवड्यांची विभागणी ढोबळ ठेवा. पहिले तीन आठवडे, आठवड्यातून चार दिवस, दिवसाला तास-सव्वा तास, वर सांगितल्याप्रमाणे ओळीने गाणी, नोंदी आणि पावलांची दुरुस्ती. चौथ्या आठवड्यात स्पर्धेसारखा सराव: दोन गाणी खेळायची, चाळीस मिनिटे बसायचे, पाच मिनिटे पोटऱ्या आणि मांड्या मोकळ्या करायच्या, पुन्हा दोन गाणी, असे चार वेळा. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा आणि आदल्या दोन दिवशी यंत्राला हात लावू नका, किंवा लावलाच तर सोपी चार गाणी. दुरुस्त केलेली सवय विश्रांतीने जात नाही, आणि दोन दिवसांत नवीन काही येतही नाही. शेवटच्या आठवड्यात नवीन बूट घेऊ नका. सपाट, पातळ तळव्याचे, हलके आणि किमान महिनाभर वापरलेले बूट सर्वांत चांगले. धावण्याचे जाड तळव्याचे बूट आरामदायी वाटतात, पण कड कुठे आहे ते पायाला कळू देत नाहीत.

बारबद्दल एवढेच की, तुम्ही सध्या बार न धरता खेळत असाल तर तसेच खेळा आणि धरून खेळत असाल तर, नियमात बसत असल्यास, धरूनच खेळा. ही सवय पाच आठवड्यांत बदलण्याच्या भानगडीत पडू नका. बारावर भार टाकला की पाय हलके पडतात, पण शरीराचा तोल मागे जातो आणि ओलांडण्यांची वेळ बदलते. तो बदल अंगवळणी पडायला काही महिने लागतात.

स्पर्धेच्या दिवशी दीड तास आधी पोहोचा. ‘ई-अम्यूझमेंट’चे कार्ड आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा, कारण तुमचे सगळे पर्याय त्यावर जमा असतात आणि ते विसरलात तर प्रत्येक सामन्याआधी सगळे पुन्हा लावावे लागते. टॉवेल, पाणी, एक जादा टी-शर्ट, मोज्यांचा दुसरा जोड आणि पचायला हलके असे काही घ्या. पोटभर जेवून खेळू नका आणि उपाशीही खेळू नका. सामन्यांच्या मधल्या वेळात केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू दोन घासांत संपतो आणि जड होत नाही. सरावाचे यंत्र मिळाले तर आधी दोन सोपी, मग एक मध्यम, आणि तिथेच थांबा. सामन्याआधी आपले सर्वांत अवघड गाणे खेळून बघण्याचा मोह होतो, तो आवरा.

गाणी निघाल्यावर कोणते बाद करायचे हे ठरवताना “मला सर्वांत अवघड कोणते” असे पाहू नका. “कोणत्या गाण्यावर आम्हा दोघांतला फरक माझ्या विरुद्ध सर्वांत जास्त पडेल” असे पाहा. अवघड गाणे समोरच्यालाही अवघडच असते आणि कधी ते तुमच्या फायद्याचे ठरते. तुमचा सामना होण्यापूर्वी त्याला एक-दोन गाणी खेळताना पाहिले असेल, तर तो दमाच्या गाण्यांत बरा आहे की अचूकतेच्या, हे साधारण कळलेले असते. समोरच्याची माहिती काहीच नसेल, तर आपल्या वहीतल्या नोंदींतला दोष ज्या गाण्यात वारंवार येतो ते बाद करा. गाणे सुरू होण्यापूर्वी दर वेळी त्याच क्रमाने तीन गोष्टी तपासा: पट, बाणांचे रंग, ‘फास्ट-स्लो’. गाणे संपल्यावर निकालाचा पडदा घाईने पुढे ढकलू नका. दोघांचे गुण लिहून घेतले जाईपर्यंत किंवा छायाचित्र काढले जाईपर्यंत बटणांना हात लावायचा नाही. एकदा पडदा गेला की वाद मिटवायला काही उरत नाही. त्यानंतर समोरच्याशी हात मिळवायचा, त्याचे पाणी-टॉवेल आडवे येत असेल तर बाजूला करायचे आणि पुढच्या खेळाडूंसाठी पॅड मोकळे करायचे. ही मंडळी आपसांत फार जिव्हाळ्याने वागतात आणि नव्या खेळाडूला, त्यातही एकटीने आलेल्या मुलीला, लगेच आपल्यात सामावून घेतात, असा माझा अनेक शहरांतला अनुभव आहे.

तुमची स्पर्धा कितव्याही फेरीत संपली तरी घरी निघू नका. अंतिम सामन्यापर्यंत थांबा, यंत्राच्या थेट मागे न उभे राहता थोडे तिरके उभे राहा, म्हणजे पाय दिसतील, आणि पडद्याकडे न पाहता फक्त पायांकडे पाहा. त्यांच्या सामन्यात तुम्ही खेळलेले एखादे गाणे आले, तर ज्या ठिकाणी तुमच्या वहीत नोंद आहे तिथे त्यांचा कोणता पाय कोणत्या बाणावर पडतो आणि त्याच्या एक ठोका आधी त्यांची कंबर कुठे वळलेली असते, ते टिपून घ्या. सामना झाल्यावर त्यांना विचारा. बहुतेक जण तिथेच, रिकाम्या पॅडवर उभे राहून, ती चार पावले तुम्हाला सावकाश करून दाखवतील.